सत्ता लष्कराच्या हातात, मान्यता कोणाच्या?

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं-मुली आंतरराष्ट्रीय संबंधांच्या प्रकरणापाशी आली की एक प्रश्न हमखास निघतो. एखाद्या देशात लष्करानं सत्ता बळकावली, माणसं मारली, तुरुंग भरले. संयुक्त राष्ट्रसंघानं चिंता व्यक्त केली, युरोपनं निषेध केला, अमेरिकेनं निर्बंध लावले. पुढं काय? लष्कर तर तिथंच आहे. सांगलीतल्या एका अभ्यासिकेत एका मुलीनं हा प्रश्न फार तळमळीनं विचारला होता. त्याला दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

उदाहरण म्यानमारचं घेऊ. तो आपला शेजारी आहे, त्याची १६४३ किलोमीटरची सीमा आपल्याला लागून आहे, आणि लष्करी उठावानंतर बाहेरच्या जगाकडं जी साधनं असतात ती जवळपास सगळी तिथं वापरून झाली आहेत. शिवाय मराठी माणसाला हा मुलूख अगदी परका नाही. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते, आणि ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं होतं.

माझं म्हणणं आधीच सांगते. बाहेरचं जग लष्कराला सत्तेवरून क्वचितच हटवतं. हैतीत १९९१ साली उठाव झाला, १९९४ मध्ये सुरक्षा परिषदेच्या परवानगीनं अमेरिकी फौजा उतरल्या आणि निवडून आलेले अध्यक्ष आरिस्टीड परत आले. पण अशी उदाहरणं फार थोडी. बाहेरच्यांच्या हातात वेगळी गोष्ट असते. संसदेची इमारत ताब्यात घ्यायला एक पहाट पुरते. सरकार म्हणून चालायला मात्र इतरांची साथ लागते. कोणीतरी त्यांच्या सहीवर पैसे सोडावे लागतात, कोणीतरी लढाऊ विमानांचं इंधन विकावं लागतं, कोणीतरी परिषदेत शेजारची खुर्ची द्यावी लागते. ही साथ द्यायची की नाही, हे बाहेरचे देश, बँका आणि कंपन्या ठरवतात. आंतरराष्ट्रीय प्रतिसाद म्हणतात तो मुख्यतः या साथीविषयी असतो.

१ फेब्रुवारी २०२१

८ नोव्हेंबर २०२० ला म्यानमारमध्ये निवडणूक झाली. निवडून द्यायच्या ४७६ जागांपैकी ३९६ जागा लोकशाही चळवळीच्या नेत्या आँग सान स्यू ची यांच्या पक्षानं जिंकल्या. लष्कराच्या मर्जीतल्या पक्षाला ३३ मिळाल्या. लष्करानं मतदारयाद्यांमध्ये घोळ असल्याचा आरोप केला, निवडणूक आयोगानं तो फेटाळला. १ फेब्रुवारीला नवी संसद भरायची होती. त्याच पहाटे स्यू ची, राष्ट्राध्यक्ष विन मिंट आणि बरेच खासदार अटकेत गेले.

इथं एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. २००८ च्या राज्यघटनेनं लष्कराला संसदेतल्या २५ टक्के जागा आधीच देऊन ठेवल्या होत्या. घटना बदलायला ७५ टक्क्यांहून जास्त मतं लागत, म्हणजे लष्कराच्या संमतीवाचून बदल शक्यच नव्हता. गृह, संरक्षण आणि सीमा ही खातीही त्यांचीच. एवढं हातात असूनही त्यांना आणखी एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे कायदेशीर कागद. आणीबाणी जाहीर करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा. विन मिंट यांनी पुढं न्यायालयात सांगितलं की अधिकारी त्यांच्याकडं आले आणि प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा द्या म्हणाले. त्यांनी नकार दिला. मग लष्करानं नेमलेले उपराष्ट्राध्यक्ष मिंट स्वे प्रभारी राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी आणीबाणीवर सही केली आणि सगळे अधिकार सेनापती मिन आंग हलाइंग यांच्या हाती दिले. बंदूक हातात असलेल्या माणसालाही सहीची गरज पडली. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट उपयोगी पडते.

लोक गप्प बसले नाहीत. दुसऱ्याच दिवसापासून सरकारी डॉक्टरांनी काम थांबवलं. मागोमाग शिक्षक, रेल्वे कर्मचारी, बँकांतले कारकून. संध्याकाळी घराघरांतून भांडी वाजायची. सुरुवातीचे आठवडे ही चळवळ शांततेचीच होती. उत्तर गोळीनं मिळालं. २७ मार्च २०२१ या लष्कर दिनी, राजधानीत संचलन चालू असताना, देशभर एका दिवसात शंभराहून अधिक माणसं मारली गेली. जुलै २०२२ मध्ये चार राजकीय कैद्यांना फाशी दिली. तीस वर्षांहून अधिक काळ त्या देशात फाशी झाली नव्हती. ११ एप्रिल २०२३ ला सागाइंग प्रांतातल्या पाझीजी गावात लोक एका कार्यालयाच्या उद्घाटनाला जमले असताना विमानांनी बॉम्ब टाकले, दीडशेहून अधिक लोक गेले आणि त्यात लहान मुलंही होती. राजकीय कैद्यांची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या संघटनेच्या यादीत मारल्या गेलेल्यांचा आकडा सहा हजारांच्या पुढं आहे, अटक झालेल्यांचा २८ हजारांच्या पुढं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार देशातल्या देशात घर सोडावं लागलेले ३० लाखांहून अधिक आहेत.

खुर्ची कोणाची

अटकेतून वाचलेल्या खासदारांनी चार-पाच दिवसांतच आपली समिती स्थापन केली आणि १६ एप्रिल २०२१ ला राष्ट्रीय एकता सरकार जाहीर केलं. प्रति सरकार म्हणजे काय, हे आपल्या भागात समजावून सांगावं लागत नाही. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगलीत, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली लोकांनी स्वतःचा कारभार चालवला. कुंडलला तुफान सेनेचं शिक्षण चालायचं, गावोगावी लोकन्यायालयं बसायची, सावकारीचे आणि जमिनीचे तंटे तिथं मिटायचे. कलेक्टर कचेरी इंग्रजांची होती, पण न्याय मागायला लोक दुसरीकडं जात होते.

सागाइंगमध्ये, चिन आणि काया प्रांतांत आज असंच चित्र बऱ्याच ठिकाणी आहे. शाळा, दवाखाने, स्थानिक न्यायनिवाडा लष्कराला न मानणारे लोक चालवतात. फरकही मोठे आहेत. तिथं अनेक दशकं लढणाऱ्या वेगवेगळ्या वांशिक गटांच्या स्वतःच्या सेना आहेत, त्या सगळ्या या सरकारच्या हुकमात नाहीत, आणि विरोधी गटांपैकी काहींवरही अत्याचारांचे गंभीर आरोप आहेत.

दोन सरकारं उभी राहिली की बाहेरच्यांनी कोणाला विचारायचं? समजा, आपल्याकडच्या एखाद्या सहकारी साखर कारखान्याचं निवडून आलेलं संचालक मंडळ काही दांडग्यांनी रात्रीत कोंडून ठेवलं, कार्यालयाचं कुलूप तोडून शिक्का आणि चेकबुक घेतलं. गेटवर आता त्यांचीच माणसं. कारखाना कोणाच्या ताब्यात, याचं उत्तर गेटवर मिळेल. पण त्यांच्या सहीचा चेक बँकेनं वटवायचा का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बँकेच्या शाखेत ठरतं.

हे प्रत्यक्षात घडलं. उठावानंतर काही दिवसांतच म्यानमारच्या मध्यवर्ती बँकेच्या नावानं न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत ठेवलेले सुमारे १०० कोटी डॉलर बाहेर काढायचा प्रयत्न झाला. तिथल्या अधिकाऱ्यांनी व्यवहार अडवला, नंतर अमेरिकी अध्यक्षांच्या आदेशानं ते पैसे गोठवले गेले. लष्कराला देश मिळाला, पण देशाचा तेवढा गल्ला मिळाला नाही.

संयुक्त राष्ट्रसंघातली खुर्ची हीसुद्धा अशीच. २६ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारचे तिथले राजदूत क्यॉ मो टुन आमसभेत बोलायला उभे राहिले. आपण निवडून आलेल्या सरकारच्या वतीनं बोलतो आहोत, असं त्यांनी सांगितलं, उठाव संपवायला सगळ्या देशांनी मदत करावी अशी विनंती केली आणि शेवटी तीन बोटं वर केली. ती निदर्शकांची खूण होती. दुसऱ्या दिवशी लष्करानं त्यांना बडतर्फ केलं आणि आपला माणूस नेमला. आता खरा प्रतिनिधी कोण, हे राजदूतांची अधिकारपत्रं तपासणारी नऊ देशांची समिती पाहते. अमेरिका, चीन आणि रशिया तिघंही त्यात होते. डिसेंबर २०२१ मध्ये समितीनं निर्णय पुढं ढकलला. नंतरही ढकलतच गेली. निर्णय होईपर्यंत आधीचा माणूस राहतो हा नियम, त्यामुळं क्यॉ मो टुन तिथंच राहिले आणि बोलत राहिले. वर्तमानपत्रांत ही बातमी आतल्या पानावर दोन ओळींत येते. मला मात्र ती अनेक मोठ्या ठरावांपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण या एका खुर्चीमुळं मिन आंग हलाइंग यांना त्या सभागृहात राष्ट्रप्रमुखासारखं उभं राहता आलं नाही.

या खुर्चीचं मोल साताऱ्याला अधिक कळावं. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे १४ वर्षं तिथं राहिले. अर्ज केले, निवेदनं छापली, पार्लमेंटच्या सभासदांना भेटले. काहींनी साथही दिली. महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले, त्यांच्या जागी बसवलेले बंधूही गेले आणि कंपनीनं राज्य खालसा केलं. रंगो बापूजी परतले ते रिकाम्या हातानं. १८५७ च्या उठावात त्यांचा मुलगा साताऱ्यात मारला गेला. साताऱ्यातलं चार भिंतींचं स्मारक १८५७ च्या हुतात्म्यांचं आहे. रंगो बापूजींची मेहनत कुठंच कमी पडली नव्हती. ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्याच दारात न्याय मागावा लागत होता, तिसरं दार जगात नव्हतं. न्यूयॉर्कमधला संयुक्त राष्ट्रसंघ, जिनिव्हातली मानवी हक्क परिषद आणि हेगमधली न्यायालयं ही ठिकाणं कितीही संथ असली, तरी ती तिसरी दारं आहेत. ती १९४५ नंतर दोन महायुद्धांच्या राखेतून उभी राहिली.

ठराव होतो म्हणजे काय होतं

सगळे ठराव सारखे नसतात. सुरक्षा परिषद ही पंधरा देशांची. तिनं बंधनकारक आदेश काढला तर सगळ्या देशांना पाळावा लागतो, आणि पाच कायम सदस्यांपैकी एकानंही नकाराधिकार वापरला तर ठराव पडतो. आमसभेत १९३ देश, प्रत्येकाला एक मत, नकाराधिकार नाही, पण ठराव बंधनकारकही नाही. मानवी हक्क परिषद जिनिव्हात. तिच्याकडं चौकशी नेमायचा, विशेष प्रतिनिधी ठेवायचा अधिकार आहे, शिक्षेचा नाही.

म्यानमारवर जिनिव्हातली परिषद १२ फेब्रुवारी २०२१ ला, म्हणजे उठावानंतर अकराव्या दिवशी, खास बैठकीला बसली. आमसभेनं १८ जूनला ठराव केला आणि म्यानमारकडं जाणारी शस्त्रं थांबवा असं सगळ्या देशांना सांगितलं. बाजूनं ११९, विरोधात एकटा बेलारूस, तटस्थ ३६. तटस्थांत चीन आणि रशियासोबत भारत होता. सुरक्षा परिषदेला ठराव करायला २१ डिसेंबर २०२२ उजाडला. हिंसा थांबवा, स्यू ची आणि विन मिंट यांच्यासह राजकीय कैद्यांना सोडा, अशी मागणी त्यात होती. बारा मतं बाजूनं, विरोधात एकही नाही, तटस्थ तीन: चीन, रशिया आणि भारत. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपदही भारताकडंच होतं. शांतपणे, धीरानं केलेली मुत्सद्देगिरी इथं जास्त उपयोगी पडेल, ही भारताची भूमिका.

त्या ठरावात शस्त्रबंदी नव्हती. ती घातली असती तर नकाराधिकार आला असता, हे लिहिणाऱ्यांना माहीत होतं. चीन-रशियाला नकाराधिकार वापरावा लागू नये इतकाच सौम्य मजकूर ठेवला, म्हणून तो पास झाला. ठराव वाचताना त्यात काय आहे याइतकंच काय गाळलं आहे हेही पाहावं.

आग्नेय आशियाई देशांच्या आसियान संघटनेविषयी थोडक्यात सांगते. एप्रिल २०२१ मध्ये जकार्तात पाच कलमांवर एकमत झालं: हिंसा थांबवणं, सगळ्यांशी संवाद, विशेष दूत, मदत, आणि दूतानं सर्वांना भेटणं. मिन आंग हलाइंग स्वतः त्या बैठकीत होते. अंमलबजावणी झाली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आसियाननं त्यांना शिखर परिषदेला बोलावलं नाही. एकमेकांच्या घरात न डोकावण्याचा नियम पाळणाऱ्या संघटनेसाठी हे मोठं पाऊल होतं, आणि त्यापुढं ती फारशी गेली नाही.

पैसा कुठून येतो, शस्त्रं कुठून येतात

हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि शिकवताना सर्वांत घाईत उरकला जाणारा.

म्यानमारचं लष्कर फक्त लष्कर नाही, ते उद्योगसमूहही आहे. त्याच्या दोन मोठ्या कंपन्यांचे हात बँका, खाणी, बिअर, सिगारेट, बंदरं, मोबाइल सेवा या सगळ्यांत आहेत. अमेरिका आणि ब्रिटननं मार्च-एप्रिल २०२१ मध्ये या कंपन्यांवर निर्बंध घातले. त्याहून मोठा झरा नैसर्गिक वायूचा. सरकारी तेल-वायू कंपनी हा परकीय चलनाचा सर्वांत मोठा स्रोत. युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२२ मध्ये तिच्यावर निर्बंध घातले. अमेरिकेनं थेट पाऊल उचलायला ऑक्टोबर २०२३ पर्यंत वेळ लावला, आणि तेही मर्यादित. फ्रान्सची टोटल आणि अमेरिकेची शेवरॉन या कंपन्यांनी जानेवारी २०२२ मध्ये बाहेर पडायचं जाहीर केलं. वायू मात्र थायलंडला आणि चीनला जात राहिला. चीनकडं वायू पाठवणाऱ्या श्वे प्रकल्पात आपल्या ओएनजीसी विदेश आणि गेल या सरकारी कंपन्यांचाही हिस्सा आहे. अदानी पोर्ट्सचं यांगूनमधलं कंटेनर टर्मिनल लष्करी कंपनीकडून भाड्यानं घेतलेल्या जमिनीवर होतं. त्यांनी ते मे २०२३ मध्ये ३ कोटी डॉलरना विकून काढता पाय घेतला.

आता शस्त्रं. संयुक्त राष्ट्रसंघाचे म्यानमारविषयक विशेष प्रतिनिधी टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये एक अहवाल दिला. उठावानंतर लष्करानं किमान १०० कोटी डॉलरची शस्त्रं, सुटे भाग आणि कच्चा माल बाहेरून आणला, असं त्यात दाखवलं होतं. रशियातून ४० कोटी ६० लाख, चीनमधून २६ कोटी ७० लाख, सिंगापूरमधल्या कंपन्यांकडून २५ कोटी ४० लाख, भारतातून ५ कोटी १० लाख, थायलंडमधून २ कोटी ८० लाख डॉलर.

पुढं काय झालं ते नीट पाहण्यासारखं आहे. सिंगापूर सरकारनं स्वतः शस्त्रं पाठवली नव्हती. तिथं नोंदवलेल्या खासगी कंपन्या तो धंदा करत होत्या. अहवाल आल्यावर सरकारनं चौकशी लावली. अँड्र्यूज यांच्या जून २०२४ च्या अहवालानुसार सिंगापूरमार्गे जाणारा माल एका आर्थिक वर्षात ११ कोटी डॉलरवरून १ कोटीच्या आसपास आला, म्हणजे नव्वद टक्के घट. बँकांमार्फत होणारी लष्कराची एकूण खरेदी जवळपास एक तृतीयांशानं कमी झाली. त्याच काळात थायलंडच्या बँकांमार्फतची खरेदी मात्र दुपटीनं वाढली. एका देशानं मनावर घेतलं तर काय होतं आणि शेजाऱ्यानं दार उघडं ठेवलं तर काय होतं, दोन्ही एकाच अहवालात दिसतं. निर्बंधांनी काही होत नाही असं जे म्हणतात, त्यांनी सिंगापूरचा आकडा पाहावा. निर्बंध जाहीर झाले की काम झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी थायलंडचा पाहावा.

विमानाच्या इंधनाचंही तसंच. गावांवर पडणारे बॉम्ब विमानं टाकतात आणि ते इंधन बाहेरून येतं, म्हणून ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेनं २०२३ मध्ये पुरवठादारांवर निर्बंध घातले. पुरवठा थांबला नाही, पण थेट येणारी जहाजं मधल्या दलालांच्या, मधल्या बंदरांच्या वळणवाटेनं येऊ लागली. इंधन महाग पडू लागलं. बॉम्ब पडतच राहिले.

निर्बंधांची झळ गरिबाला लागते, हा आक्षेपही खरा आहे. म्यानमारच्या शिलाई कारखान्यांत लाखो तरुण मुली काम करतात. परदेशी ब्रँड निघून गेले तर त्यांची रोजंदारी जाते, थांबले तर लष्कराच्या राजवटीला कर मिळतो आणि कामगार संघटना चिरडल्या जात असताना कंपनी गप्प बसते. याचं सोपं उत्तर माझ्याकडं नाही. पण सगळा व्यापार बंद करणं आणि नेमक्या सेनापतींची, त्यांच्या कंपन्यांची, इंधनाची, शस्त्रांच्या सुट्या भागांची कोंडी करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२१ नंतरचा भर दुसऱ्या प्रकारावर होता, आणि तोच योग्य होता. तो टिकवणं मात्र अवघड. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेनं लष्कराच्या काही निकटवर्तीयांवरचे निर्बंध उठवले. कारण काहीही असो, सेनापतींना त्यातून एकच निरोप गेला, की थोडं थांबलं की जग कंटाळतं.

पुराव्याची पेटी

न्यायालयांत म्यानमारची प्रकरणं उठावाच्या आधीपासून आहेत. २०१७ मध्ये याच लष्करानं रखाइन प्रांतात रोहिंग्या मुसलमानांवर मोहीम काढली, सात लाखांहून अधिक माणसं बांगलादेशात पळाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये आफ्रिकेतल्या छोट्याशा गांबियानं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात वंशसंहाराचा दावा दाखल केला. तेव्हा लष्कराची बाजू घ्यायला हेगला कोण गेलं? स्वतः आँग सान स्यू ची. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयानं रोहिंग्यांच्या संरक्षणाचे अंतरिम आदेश दिले. सुमारे वर्षभरानं त्याच लष्करानं स्यू ची यांना कैद केलं. त्यांच्यावर झालेल्या अन्यायाचा निषेध करताना हेही सांगायला हवं, कारण मानवी हक्क निवडून आलेल्यांनी पायदळी तुडवले तरी ते तुडवलेलेच असतात.

हेगमध्येच दुसरं एक न्यायालय आहे, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. पहिलं देशांमधले दावे ऐकतं, दुसरं व्यक्तींवर खटले चालवतं. म्यानमार त्याचा सदस्य नाही. पण बांगलादेश आहे, आणि माणसांना हाकलून देण्याचा गुन्हा सीमा ओलांडून बांगलादेशात पूर्ण झाला, या आधारावर चौकशीला परवानगी मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या अभियोक्त्यांनी मिन आंग हलाइंग यांच्या अटकेचं वॉरंट मागितलं. अर्जेंटिनाच्या एका न्यायालयानं तर फेब्रुवारी २०२५ मध्ये वॉरंट काढलंसुद्धा. काही गुन्हे इतके भयंकर असतात की ते कुठंही घडले तरी कोणत्याही देशाच्या न्यायालयात चालवता येतात, हे तत्त्व त्यामागं आहे.

या सगळ्याला लागतो पुरावा. त्यासाठी मानवी हक्क परिषदेनं २०१८ मध्ये एक स्वतंत्र यंत्रणा नेमली. तिच्याकडं न्यायाधीश नाही, पोलीस नाही. ती फक्त पुरावा गोळा करते, जपते आणि ज्या न्यायालयात खटला उभा राहील त्याला देते; विरोधी गटांच्या गुन्ह्यांचीही ती नोंद घेते. एखाद्या गावात गोळीबार झाला आणि कोणी मोबाइलवर चित्रण केलं, तर त्यातलं घर, पॅगोडा, डोंगराची कड उपग्रहाच्या छायाचित्राशी जुळवून ठिकाण ठरवतात. सावलीच्या लांबीवरून वेळ ताडतात. मूळ फाइल कोणाकडून कोणाकडं गेली याची साखळी लिहून ठेवतात, कारण व्हॉट्सॲपवर पुढं ढकललेल्या प्रतीतून तारीख-वेळेची आतली माहिती निघून जाते आणि बचावाचा वकील तिथंच बोट ठेवतो. गोळीबार कोणी केला यापेक्षा आदेश कोणी दिला हे सिद्ध करणं कठीण असतं. त्यासाठी तुकड्यांच्या हालचाली, बदल्यांचे हुकूम आणि फुटून आलेल्या सैनिकांचे जबाब लागतात.

एवढं करून कधी उपयोग होतो? चिलीत ११ सप्टेंबर १९७३ ला जनरल पिनोशे यांनी सत्ता बळकावली. सांतियागोच्या चर्चनं चालवलेल्या एका कार्यालयात वकील बेपत्ता माणसांच्या घरच्यांचे अर्ज लिहून न्यायालयात देत. अर्ज जवळपास सगळे फेटाळले जात, पण प्रत्येकाची प्रत कपाटात राही. पंचवीस वर्षांनी, ऑक्टोबर १९९८ मध्ये, पिनोशे यांना लंडनमध्ये स्पेनच्या वॉरंटवरून अटक झाली. प्रकृतीच्या कारणानं ते सुटून परतले आणि २००६ मध्ये शिक्षेविनाच वारले, हे खरं. पण त्यांच्या हाताखालचे कितीतरी अधिकारी चिलीच्याच न्यायालयांत दोषी ठरले, आणि त्या कपाटातले कागद तिथं कामी आले.

आपला देश कुठं उभा आहे

२७ मार्च २०२१ च्या ज्या संचलनाचा उल्लेख वर आला, त्याला आठ देशांनी प्रतिनिधी पाठवले होते. त्यात भारत होता. दिल्लीची कारणं मला समजतात. ईशान्येतले बंडखोर गट सीमेपलीकडं तळ ठोकतात, तिथं लष्कराचं सहकार्य लागतं. आणि आपण हात काढला तर चीन आणखी आत येईल, ही भीती खोटी नाही. पण उठावानंतर सीमेलगतचा बराचसा भाग लष्कराच्या हातातून गेला. ज्यांच्याशी बोलून सीमा सांभाळायची ते लोकच बदलले, तरी आपण जुन्याच माणसांशी हात मिळवत राहिलो.

व्यापाराचं थोडं वेगळं आहे. जून २०२१ मध्ये, उठावाला पाच महिनेही झाले नव्हते तेव्हा, भारतानं म्यानमारमधून दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर आणायचं पाच वर्षांसाठी ठरवलं. आपल्या आयाबहिणी उन्हाळ्यात पापड लाटतात त्या उडदाच्या पिठात तिथल्या शेतकऱ्याचे कष्ट असू शकतात. ती खरेदी बंद करा असं मी म्हणणार नाही. त्यानं आधी तो शेतकरी मरेल. तोफांचे आणि रडारचे सुटे भाग मात्र डाळ नव्हेत.

आणि मग येतात पळून आलेली माणसं. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय गृह खात्यानं ईशान्येच्या राज्यांना कळवलं की म्यानमारमधून येणाऱ्यांना रोखा, राज्यांना निर्वासित ठरवायचा अधिकार नाही. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून सांगितलं की हे आमचे रक्ताचे नातेवाईक आहेत, आम्ही त्यांच्याकडं पाठ फिरवू शकत नाही. चिन आणि मिझो खरोखरच एका कुळाचे. चर्चनं, यंग मिझो असोसिएशननं, साध्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून, बांबूची घरं बांधून तीस हजारांहून अधिक लोकांना ठेवून घेतलं. या सगळ्या आंतरराष्ट्रीय प्रतिसादात मला सर्वांत मोठा वाटतो तो या छोट्या राज्याचा.

भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपला स्वतंत्र कायदाही नाही. म्हणून जीव मुठीत धरून आलेला माणूस आणि बेकायदा घुसलेला माणूस यांत कागदावर फरक करता येत नाही. मणिपूर उच्च न्यायालयानं मे २०२१ मध्ये एक वाट दाखवली. म्यानमारहून आलेल्या सात जणांना, त्यात पत्रकारही होते, दिल्लीला जाऊन संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित कार्यालयात अर्ज करू द्या, असा आदेश न्यायालयानं दिला. जिथं जिवाला धोका आहे तिथं माणसाला परत ढकलू नये, हे तत्त्व राज्यघटनेच्या २१ व्या कलमात येतं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. त्यानंतर कायदा झाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं सीमेवरच्या मुक्त संचाराची सवलत रद्द करून कुंपण घालायचं जाहीर केलं.

दरम्यान लष्करानं २८ डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं निवडणूक घेतली. स्यू ची यांचा पक्ष २०२३ मध्येच बरखास्त केला होता, त्या स्वतः कैदेत होत्या, आणि देशाच्या मोठ्या भागात मतपेटी पोचलीच नाही. २०२१ च्या पहाटे जी सही हवी होती, तीच आता मतपत्रिकेवरून मिळवायचा हा प्रयत्न आहे. तिला मान द्यायचा की नाही, हे प्रत्येक देश स्वतः ठरवेल, आणि दिल्लीही ठरवेल. शस्त्रांच्या सुट्या भागांची निर्यात थांबवणं, सीमेपलीकडं आज ज्यांचा कारभार आहे त्यांच्याशी उघडपणे बोलणं, मिझोरामातल्या चिन कुटुंबांना राहण्याचा, शिकण्याचा, दवाखान्यात जाण्याचा कायदेशीर कागद देणं, यांतल्या कशासाठीही सुरक्षा परिषदेची परवानगी लागत नाही आणि कुणाचा नकाराधिकारही आडवा येत नाही.